विषय : निळ्याचा जांभळा होणेबाबत

बुद्धभूषण रामटेके यांनी चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत स्वतःच्या हातानं एकही वस्तू बनवली नाही. टिपण्या बनवल्या, नाही असं नाही. पण टिपणी एका टेबलावर जन्मते, दुसऱ्यावर मोठी होते आणि तिसऱ्यावर झोपी जाते. तिला काही वस्तू म्हणता येत नाही. म्हणून रिटायर झाल्यावर, बरोबरीचे लोक दिल्लीतल्या द्वारकेच्या पार्कात मफलर बांधून गोल गोल फिरायला लागले, तेव्हा साहेबांनी ‘द्वारका मोड’ नावाच्या चौकात, मेट्रोच्या पिलर नंबर सातशे चौऱ्यांशीसमोर एक गाळा घेतला आणि त्यात बॅनरचं पाच फुटी विनाइल छापणारं सेकंडहँड मशीन आणून बसवलं.

मशीन पहिल्यांदा चालू झालं त्या दिवशी साहेब दोन तास हात मागे बांधून त्याच्यासमोर उभे होते. मशीनला एक डोकं असतं, त्याला सगळे हेडच म्हणतात. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं ‘नाही, नाही, नाही’ म्हणत फिरतं आणि पुढून बोटभर बोटभर करत अख्खं चित्र बाहेर येतं. मंत्रालयातही डोकी अगदी अशीच हलायची. पण पुढून काही बाहेर आल्याचं साहेबांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा छापला गेला तो एका पनीरवाल्याचा बोर्ड. साहेबांना तो ताजमहालासारखा वाटला.

मशीन चालवायला सतबीर होता. दिल्लीच्या कडेच्या नजफगढचा, हरियाणवी बोलणारा, पन्नाशीतला, मिशीला मेंदी लावणारा. एकेकाळी तो ब्रशनं दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मग ही मशिनं आली आणि त्याचं काम गेलं. ज्या मशीननं आपलं काम खाल्लं त्यालाच आता तो रोज सकाळी शाई पाजत होता, आणि ते करताना त्याच्याशी अशा भाषेत बोलायचा की साहेबांनी प्रेमलाताईंना सकाळी गाळ्यावर यायची बंदी केली होती. प्रेमलाताई म्हणजे साहेबांची बायको. त्या दुपारी डबा घेऊन येत आणि बंदी फक्त सकाळची आहे हे लक्षात ठेवून थांबत.

दोन वर्षं बोर्ड छापण्यात गेली. आणि या एप्रिलमध्ये आलं विहाराचं काम.

द्वारकेतल्या बुद्धविहारात चौदा एप्रिलचा मोठा कार्यक्रम असतो. नागपूर, अमरावती, नांदेडकडची सरकारी नोकरीतली मंडळी, यूपीएससीची तयारी करणारी पोरं, असे तीनेकशे लोक जमतात. स्टेजच्या मागे दरवर्षी बॅनर लागतो, आणि त्यावर कमिटीच्या सतराही जणांचे फोटो असतात. यंदा कुणाचा फोटो कुणाच्या वर यावरून मार्चमध्येच तीन मीटिंगा झाल्या, दोन जण उठून गेले, एक जण परत आला. शेवटी कमिटीचे अध्यक्ष भाऊसाहेब खोब्रागडे यांनी टेबलावर हात आपटला. “कोणाचाच फोटो नाही. बावीस फूट बाय दहा फूट नुसता निळा. मधात पांढरं चक्र. विषय संपला.”

भाऊसाहेब रेल्वेतून रिटायर झालेले. आवाज अजून प्लॅटफॉर्मवरचाच. दहा तारखेला ते स्वतः गाळ्यावर आले आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, “रामटेके, तुम्हाला जमेल ना? नाही तर मी नवाद्याच्या छपाईवाल्याला देतो. तिथला पोरगा हुशार आहे.”

“जमेल की. का नाही जमणार?”

“नाही, निळा आहे म्हणून विचारलं. तुमचा आणि निळ्याचा तसा संबंध कमी.”

भाऊसाहेबांनी हे हसत म्हटलं, पण साहेबांना ते बरोबर जागेवर लागलं. कारण खोटं नव्हतं. दिल्लीत ‘रामटेके’ आडनाव ऐकून लोक विचारतात, “साउथ से हो?” साहेबांनी चौतीस वर्षांत एकदाही ‘नाही’ म्हटलं नव्हतं. ‘हो’ही नव्हतं म्हटलं, उगाच खोटं कशाला, ते नुसते हसत. सेक्शनमधले लोक त्यांना पोंगलच्या शुभेच्छा देत आणि साहेब “सेम टू यू” म्हणत. त्यामुळे पुढचे प्रश्न टळत. ऑफिसात ते करड्या स्वेटरमध्ये आले आणि करड्या स्वेटरमध्येच निरोप घेतला. सगळ्या नोकरीत त्यांच्याकडे निळं असं एकच काही होतं, ते म्हणजे पेनातली शाई; तीही आखून दिलेल्या जागेत सही करण्यापुरती.

आता त्यांना बावीस फूट निळा छापायचा होता. तो भिंतीवर चढला की आपलं चौतीस वर्षं राहिलेलं बोलून होईल, असं त्यांना वाटत होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रेमलाताईंना सांगितलं नव्हतं, पण त्यांना माहीत होतं.

“कोणता निळा?” साहेबांनी कामाचं विचारलं. “निळे फार असतात.”

भाऊसाहेबांनी पिशवीतून एक जुना झेंडा काढला. एक्याऐंशी साली नागपूरहून दिल्लीला बदली झाली तेव्हा ट्रंकेत घालून आणलेला. उन्हापावसानं त्याचा रंग भिजवलेल्या राखेसारखा झाला होता.

“हा?” साहेब बिचकले.

“हा नाही. ह्याच्या आतला.” भाऊसाहेबांनी टेबलावरचं ब्लेड उचललं आणि झेंड्याच्या कडेची दुमडलेली शिवण टचटच उसवली. दुमड उलगडली.

आत बोटभर रुंदीची एक पट्टी होती. तिला चाळीस वर्षांत ऊन लागलं नव्हतं. ती निळी होती. इतकी निळी, की भोवतालचं सगळं, टेबल, पंखा, पिलर, क्षणभर फिकं पडलं. सतबीर हातातला चहा तसाच धरून उभा राहिला. साहेब कधी खुर्चीतून उठले ते त्यांनाच कळलं नाही.

“हा,” भाऊसाहेब म्हणाले. या वेळी आवाज प्लॅटफॉर्मचा नव्हता. “बारा तारखेला चार वाजता येतो. पहिला पट्टा बघतो. नसला हा रंग, तर इथूनच सरळ नवाद्याला.”

पट्टी कापून तिचा अर्धा तुकडा साहेबांच्या हातात ठेवून ते गेले, तेव्हा सतबीर म्हणाला, “साब, फोटू होवे तो ऐब छुप ज्या सै. कोरे रंग में मुँह छुपाण की जगह कोनी.”

खरं होतं. चेहरे, फुलं, हत्ती असलं काही असलं की मशीनचे दोष त्यात खपून जातात. पण नुसता एक रंग पसरायचा म्हणजे पांढऱ्या चादरीवर डाग शोधायला सासूला बोलावण्यासारखं. शिवाय मशीनकडे गडद निळी शाई नसतेच. असते एक आकाशी, एक गुलाबी, एक पिवळी, एक काळी. आकाशी आणि गुलाबी मिळून निळा होतो. दोघींचं पटलं तर. आकाशी कमी पडली की गुलाबी वर चढते आणि निळ्याचा जांभळा होतो.

बारा तारखेला सकाळी नऊला पहिला पट्टा लावला. बावीस फूट रुंद भिंत, म्हणजे दहा फूट उंचीचे पाच पट्टे. सतबीरनं मशीनला एक शिवी दिली, एक नमस्कार केला आणि बटण दाबलं. हेड ‘नाही, नाही’ म्हणत निघालं, आणि खालून तो रंग यायला लागला. तोच. दुमडीतला. साहेबांनी पट्टीचा तुकडा जवळ धरून बघितला. बोटभर, वीतभर, हातभर. साहेबांना वाटलं, इतकं सोपं होतं?

तीन फुटांवर त्यांना जरा तांबूस, उबदार वाटलं. रंगात. चार फुटांवर सतबीरनं चष्मा काढून पुसला. पाचव्या फुटाला आडव्या रेघा सुरू झाल्या, सहाव्या फुटाला कसलीच शंका उरली नाही.

“साब,” सतबीर म्हणाला, “यो तो बैंगण हो ग्या.”

वर आभाळ आणि तळाशी भाजीमंडई असा दहा फुटी पट्टा जमिनीवर पडला होता. दुसरा लावला. तोही पाचव्या फुटाला वांगं. आणि अशा वेळी साहेबांच्या हातांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. फाइल उघडली. वर सुंदर अक्षरात लिहिलं : ‘विषय : निळ्याचा जांभळा होणेबाबत.’ खाली : ‘१. प्रकरण तपासले. २. पट्टा आरंभी निळा असून पुढे जांभळा होतो. ३. कारण अज्ञात. ४. सादर.’ सादर कुणाला, हे मात्र सुचेना. साहेबांनी जरा विचार केला आणि फाइल मशीनवर ठेवली.

“नॉझल चेक निकाल, सतबीर.”

नॉझल चेक म्हणजे मशीनची हजेरी. हेडला शेकडो बारीक भोकं असतात. प्रत्येकानं कागदावर एक केसाएवढी रेघ ओढायची. जे भोक बुजलं, त्याची रेघ गैरहजर. सतबीरनं काढला. सगळ्या रेघा हजर! चारही रंग, एकही खाडा नाही. सतबीरनं डोकं खाजवलं. साहेब मात्र त्या कागदाकडे बघत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळखीचं हसू पसरलं.

“अरे, मी ओळखतो यांना,” ते स्वतःशीच मराठीत म्हणाले. “सकाळी नऊला रजिस्टरवर सही. एकही गैरहजर नाही. साडेनऊला काम द्यायला जा, कुणी जागेवर नाही.” मग सतबीरला हिंदीत, “हाज़िरी लगाके चाय पीने जा रहे हैं. कौन? ये आसमानीवाले!”

हे निदान इतकं अचूक होतं की चौतीस वर्षं फुकट गेली नाहीत असं साहेबांना वाटून गेलं. एक रेघ ओढण्यापुरती शाई मिळत होती. अख्खा पट्टा रंगवायला लागलं की आकाशी वाटेतच दम तोडत होती. पण का? हजेरीवरून गैरहजेरी पकडली तरी कर्मचारी कुठल्या टपरीवर बसलाय ते कळत नाही.

सतबीरचं म्हणणं हवा कोरडी आहे, शाई वाळते. त्यानं शेजारच्या टाइल्सवाल्या खुरानांचा कूलर मागून आणला आणि मशीनसमोर लावला. कूलरनं विनाइल शिडासारखं फुगवलं, हेडनं ते घासत नेलं, आणि मशीननं त्या दिवशी पहिल्यांदा मॉडर्न आर्ट काढलं. कूलर परत गेला.

मग साहेबांनी मुलीला फोन लावला. श्रावस्ती गुरुग्रामला कंपनीत होती आणि लॅपटॉपचं सगळं तिला कळतं असं घरात ठरलेलं होतं.

“पप्पा, मीटिंगमध्ये आहे मी. पटकन सांगा.”

“अगं, निळ्याचा जांभळा होतोय.”

“कसला काय होतोय?”

“जांभळा, जांभळा.”

“जांभळा म्हणजे… जांभई येतेय? पप्पा, बिल्कुल कळत नाहीये यार.”

“बेटा, बैंगनी!” साहेब हताश होऊन म्हणाले.

“अच्छा, पर्पल! मग असं बोला ना. कलर प्रोफाइल चेंज करा.”

प्रोफाइल बदललं. वीतभर पट्टा मोरपंखी आला आणि मग तोही जांभळ्याकडे वळला. श्रावस्तीनं मग एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक मेकॅनिक सांगत होता की हेड फार उंचावर असलं तर शाईचे थेंब कापडापर्यंत पोचेपर्यंत उडतात. हेड बसवायचं तर जवळ बसवा. पण तो पूर्ण बघायच्या आत भाऊसाहेबांचा फोन आला. विहाराच्या भिंतीवर नवा पंखा बसवलाय, तेव्हा माप पुन्हा घ्या, आत्ता या.

साहेब ई-रिक्षात बसले आणि रस्त्यात, हादरे खात, व्हिडिओ संपवला. सगळं लख्ख पटलं. त्यांनी तिथूनच गाळ्यावर फोन लावला. पुढून हॉर्न, मागून हॉर्न, वरून मेट्रो.

“सतबीर! हेड खाली करो!”

“खाली, साब?”

“हां हां, खाली करो!”

“थोड़ा के?”

“थोडा क्या, पूरा खाली करो. जितना होता है उतना. एकदम खाली!”

“अर फेर?”

“फिर प्रिंट निकालो!”

“खाली करके प्रिंट?” सतबीरचा आवाज बसला. “साब, पक्का?”

“अरे, मी सांगतो ना!” म्हणून साहेबांनी फोन ठेवला आणि विहारात जाऊन अर्धा तास पंख्याचं माप घेतलं.

परत आले तेव्हा मशीनचं झाकण उघडं होतं. बाकावर चार स्टीलचे पेले रांगेत ठेवले होते. एकात काळं, एकात पिवळं, एकात गुलाबी, एकात आकाशी. प्रेमलाताई डबा मांडीवर घेऊन बाजूला बसल्या होत्या, आणि सतबीर हातात इंजेक्शनची मोठी सिरिंज घेऊन, एखाद्याचा पाय कापून आल्यासारखा उभा होता.

“कर दिया, साब. टंकी समेत पूरा खाली. बूँद कोनी छोड़ी.”

साहेबांना आधी समजलंच नाही. मग समजलं. मग ते मटकन बसले. शाईचं हेड कधी कोरडं पाडायचं नसतं, ही या कामातली पहिली ओळ. आत उरलेली शाई वाळली की शेकडो भोकं एका दमात मरतात. आणि नवीन हेड चार वाजेपर्यंत स्वर्गातूनही येत नाही.

“अरे, खाली! खाली!” साहेब हात वरून खाली आणत ओरडले. “नीचे! नीचे करो बोला था!”

“नीचे बोल्या कोनी, साब. खाली बोल्या. मन्नै तीन बर पूछ्या.”

“खाली म्हणजे नीचेच!”

“खाली मतलब खाली!” सतबीरनं रिकामी सिरिंज दाखवली. “यो देख्यो. इसनै कहैं खाली.”

“अहो,” प्रेमलाताई डब्याचं झाकण काढत म्हणाल्या, “तो बरोबर आहे. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. तुम्ही तर परीक्षा दिलीय ना हिंदीची? भिंतीवर सर्टिफिकेट आहे आपल्याकडे.”

सरकारी हिंदीची परीक्षा साहेब पहिल्या वर्गात पास झाले होते. ‘उपर्युक्त विषयानुसार’ त्यांना झोपेतही लिहिता येत होतं. ‘खाली’ पेपरात आलं नव्हतं. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांना नवाद्याचा तो हुशार पोरगा दिसायला लागला, आणि त्याच्या हातात ती बोटभर पट्टी.

“हेड मेलं का रे?” त्यांनी विचारलं. मराठीतच. सतबीरला कळलं.

“मरण कोनी दिया. टोपी में दवा भर राखी सै. भीज्या पड़्या सै.” सतबीरनं आपल्या अकलेनं हेडखालची टोपी, म्हणजे त्याचं रबरी झाकण, साफ करायच्या औषधानं भरून ठेवली होती. जुना पेंटर, ब्रश कोरडा ठेवायचा नसतो हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

तेवढ्यात प्रेमलाताईंनी डब्यातला चमचा त्या आकाशी पेल्यात घातला.

“अगं, काय करतेस!”

“थांबा हो. ह्या तुमच्या शाईला साय आलीय.”

“शाईला साय?”

“साय! दुधावर येते तशी.” त्यांनी चमचा वर काढला. चमच्यावरून आकाशी रंगाचं, लिबलिबीत, जाड, पुरणपोळीच्या तुटलेल्या काठाएवढं काहीतरी लोंबत होतं. मागून अजून एक आलं. मग एक गोळी. बाकीच्या तीन पेल्यांत चमचा फिरवला तर पाण्यासारखी स्वच्छ शाई.

तिघांची डोकी त्या चमच्यावर एकत्र आली. हा तो कर्मचारी! ही ती टपरी! दोन वर्षं आकाशीची टाकी अर्धी झाली की सतबीर वरून नवी ओतत होता, आणि साहेबांचाच नियम होता की टाकी कधी रिकामी पडू द्यायची नाही. तळाची शाई तशीच राहिली, घट्ट झाली, तिला साय धरली. थोडी शाई मागितली की सायीच्या बाजूनं वाट काढून यायची, पूर्ण हजेरी लागायची. जास्त मागितली की साय उठून नळीच्या तोंडावर जाऊन बसायची. हे सगळं एका काळ्या नळीच्या आत, अंधारात, चाललेलं. आणि ते बाहेर कधी आलं असतं? कुणी शहाण्या माणसानं हेड रिकामं केलंच नसतं. कुठल्याही व्हिडिओत तसं सांगितलं नसतं. त्यासाठी एक नागपूरचा माणूस हवा होता, एक नजफगढचा, आणि मधे एक ई-रिक्षा.

“बाप्पा,” साहेब एवढंच म्हणाले.

सतबीरनं चमच्याला हात जोडले.

मग तिघं कामाला लागले. प्रेमलाताईंनी साडीचा पदर खोचला आणि टाकी बाळाला न्हाऊ घालतात तशी औषधानं तीनदा विसळली. सतबीरनं नळी फुंकली, तिच्यातून अजून एक साय ‘फट्’ करून साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर येऊन बसली. हेडला चिकटलेली छोटी गाळणी बदलली. साहेबांनी नवी बाटली उघडून हळूहळू ओतली; प्रेमलाताईंनी त्यांचं मनगट धरलं होतं. सिरिंजनं शाई वर ओढली. पहिल्या नॉझल चेकला अर्ध्या रेघा गैरहजर. दुसऱ्याला चार. तिसऱ्याला सगळ्या हजर.

“हाज़िरी का के भरोसा, साब,” सतबीर म्हणाला. आता तोही मंत्रालयात काम केल्यासारखा बोलत होता.

सव्वातीन वाजता पट्टा लावला. या वेळी सतबीरनं शिवी दिली नाही. हेड निघालं. एक फूट. दोन. तिसऱ्या फुटाला साहेबांनी डोळे मिटले. चौथ्याला प्रेमलाताई म्हणाल्या, “उघडा.” पाचव्या फुटाला, जिथं वांगं उगवायचं तिथं, निळाच आला. सहाव्याला निळा. रेघ नाही, डाग नाही, ऊब नाही. हेड आपलं ‘नाही, नाही’ करत होतं आणि पुढून ‘हो’ बाहेर येत होतं, न थांबता, जमिनीवर उतरत होतं, आणि गाळ्यातल्या ट्यूबलाइटचा उजेड त्याच्यात जाऊन परत येत नव्हता. साहेबांना ते छापलं जातंय असं वाटेना. ते आधीपासूनच होतं, कुठंतरी घडी घालून ठेवलेलं, आणि आता कुणीतरी दुमड उलगडत होतं.

भाऊसाहेब कधी आले ते कुणाला कळलं नाही. मागून श्वास ऐकू आला तेव्हा साहेब वळले. भाऊसाहेबांनी खिशातून उरलेली पट्टी काढली, गुडघे धरत खाली वाकले आणि ओल्या रंगाच्या जवळ, न टेकवता, धरली. मग कडा शोधत राहिले. पट्टी कुठं संपते आणि पट्टा कुठं सुरू होतो ते दिसत नव्हतं.

बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. आधी साहेबांना वाटलं, रंग बघतायत. मग लक्षात आलं, उठता येत नाहीये. त्यांनी आणि सतबीरनं दोन्हीकडून धरून उठवलं.

“रामटेके,” भाऊसाहेब नाक ओढत म्हणाले, “तुमच्या मशीनचा वास फार आहे बुवा. डोळ्यांत जातो.”

“हो, औषधाचा आहे,” साहेब म्हणाले. गेल्या तासाभरापासून त्यांच्याही डोळ्यांत तो जात होता.

वास उडायला पट्टा बाहेर टांगावा लागतो. गाळ्याच्या वर खुरानांची बाल्कनी होती. सतबीर शिडीवर चढला आणि तिथून दहा फूट निळा रस्त्याकडे तोंड करून सोडला. आणि द्वारका मोडवर, जिथं ॲम्ब्युलन्ससाठीही कुणी वेग कमी करत नाही, तिथं एक ई-रिक्षा थांबली. तिच्या मागची थांबली. हॉर्न वाजवायला हात उचललेला स्कूटरवाला वर बघून हात विसरला. मोमोवाली झाकण हातात घेऊन रस्त्याच्या मधे आली. पिलरच्या, धुळीच्या, वायरींच्या त्या सगळ्या करड्या पसाऱ्यात एवढंच एक होतं, आणि ते वाऱ्यानं हळूच हलत होतं.

टाइल्सवाले खुराना दुकानातून बाहेर आले. त्यांनी मान वर केली ती खाली आणायला बराच वेळ लागला.

“वाह जी वाह, रामटेके जी! ये किसका काम है?”

“हमारा,” साहेब म्हणाले.

“ना ना, वो तो पता है, छापा आपने. मेरा मतलब, है किसका? कोई पार्टी-वार्टी? आपके साउथ का कोई त्योहार?”

साहेबांच्या ओठांवर ते जुनं हसू आपोआप यायला निघालं. अर्ध्या वाटेत ते थांबलं. बाजूला भाऊसाहेब होते, ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते. प्रेमलाताई दुसरीकडे बघत नव्हत्या.

“साउथ का नहीं, खुराना जी. मैं नागपूर का हूँ.” साहेबांनी वर बोट केलं. बोट आकाशी रंगानं माखलेलं होतं, शर्टही. “छपाई भी हमारी है, और रंग भी हमारा है. परसों बाबासाहेब की जयंती है. आना है आपको, फॅमिली के साथ. मैं बुला रहा हूँ.”

त्यांना वाटलं होतं, हे म्हटल्यावर काहीतरी पडेल, फुटेल, निदान मेट्रो तरी थांबेल. मेट्रो वरून नेहमीसारखी गेली. खुरानांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, पहिल्यांदाच पाहिल्यासारखं; मग पुन्हा वर.

“कितने बजे जी?” त्यांनी विचारलं.

“दस बजे.”

“और ये ऐसा ही होगा? इतना बड़ा?”

“इससे पाँच गुना,” साहेब म्हणाले, आणि दुसरा पट्टा लावायला आत वळले.